जांभ्याखालचा खडक कसा वाचावा : गोव्यातल्या एका टेकडीचा भूवैज्ञानिक नकाशा, छेद आणि त्रिमितीय मॉडेल

गोव्यात खडक पाहायला निघालात की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भेटतो तो जांभा, म्हणजे लॅटराइट : खडक कुजून बनलेला तांबडा दगड. मूळ खडक त्याच्या खाली कुठेतरी असतो. कधी पाच मीटरवर, कधी तीसवर. म्हणून इथला नकाशा म्हणजे थोडे पाहिलेले आणि पुष्कळसे ताडलेले, असे मिश्रण असते. या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवल्या तर शेवटी संगणकावर उभे राहणारे मॉडेल विश्वासाचे होते. त्या एकदा मिसळल्या की पुढे कितीही चांगले सॉफ्टवेअर वापरा, गुंता सुटत नाही. खालची पद्धत साधारण चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद क्षेत्रासाठी आहे. एमएस्सीचा प्रकल्प, पाण्याचा अभ्यास किंवा जुन्या खाणपट्ट्याचे पुनर्वाचन यांना एवढा आवाका पुरतो.

आधी प्रश्न लिहून काढा

“या भागाचे भूविज्ञान” हा प्रश्न नव्हे. “डिचोलीजवळच्या या टेकडीत लोहपाषाणाची पट्टी तीन ठिकाणी दिसते, ती एकच पट्टी घडी पडून तीनदा वर आली आहे की तीन वेगळे थर आहेत?” हा प्रश्न झाला. “या वाड्यावरच्या विहिरी मार्चमध्ये आटतात आणि शेजारच्या मेपर्यंत टिकतात, त्यामागे जांभ्याखालच्या मातीची जाडी आहे का?” हाही प्रश्नच. कुठे किती मोजायचे आणि किती खोल जायचे ते प्रश्नावरून ठरते. पहिल्या प्रश्नाला दीडशे मीटर खोलीपर्यंतचे मॉडेल लागते, दुसऱ्याला चाळीस मीटर पुष्कळ झाले.

कामाचा नकाशा १:१०,००० प्रमाणाचा घ्या. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर, आणि झाडीत मोबाइलचा जीपीएस साधारण तेवढाच चुकतो. याहून मोठे प्रमाण घेतले तर हाती नसलेली अचूकता कागदावर दिसू लागते.

घरी बसून करायची तयारी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर १:५०,०००चे नकाशे मिळतात. ते उतरवून घ्या, पण सीमारेषा जशाच्या तशा उचलू नका. पन्नास हजारच्या नकाशावरची एक मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर पन्नास मीटरचा पट्टा असते.

गोवा गटाची, म्हणजे इथल्या जुन्या थरांच्या समूहाची, मांडणी पाठ हवी. तळाशी बार्शे शैलसमूह, त्यात मुख्यतः रूपांतरित बेसॉल्ट. त्यावर सावर्डे शैलसमूह : कॉंग्लोमरेट (गोट्यांचा खडक), मेटाग्रेवॅक (रूपांतरित मातकट वाळूखडक), आर्जिलाइट (घट्ट चिकणमातीचा खडक). मग डिचोली शैलसमूह, ज्यात लोहपाषाणाच्या पट्ट्या, मँगनीजयुक्त फिलाइट (पातळ पत्र्यांनी सुटणारा, चिकणमातीचा रूपांतरित खडक) आणि चुनखडक आहेत. सगळ्यात वर वागेरी शैलसमूह. या साऱ्यांचा पाया म्हणजे अनमोड घाटातला ३०० कोटी वर्षांहून जुना नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर ग्रॅनाइट-नाइस आहे, काणकोणात ग्रॅनाइट, आणि ईशान्य टोकाला सत्तरीच्या बाजूने दख्खनचा बेसॉल्ट चढतो. या खडकांच्या पट्ट्या सर्वसाधारणपणे वायव्य-आग्नेय धावतात. हा क्रम मनात असावा, पण मॉडेलमध्ये तो पुराव्यानेच यावा. तुमच्या टेकडीत थर उलटलेले असतील तर नकाशातला क्रम तुम्हाला उलटे उत्तर देईल.

उंचीच्या माहितीत गोव्याचे तीन खास फसवे आहेत. पहिला : कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाचे तीस मीटर जाळीचे उंची-मॉडेल जमिनीची नव्हे, झाडांच्या शेंड्यांची उंची धरते. दाट रानात ते दहा-पंधरा मीटर सहज वर जाते आणि रान संपते तिथे खोटा कडा उभा राहतो. दुसरा : खाणपट्ट्यात खड्डे आणि मातीचे ढिगारे वर्षागणिक बदलत गेले. एसआरटीएम, म्हणजे अवकाशयानातून रडारने मोजलेली उंची, फेब्रुवारी २०००मधली आहे, म्हणजे त्या महिन्यात जो खड्डा होता तोच तिच्यात आहे. ढिगाऱ्याला टेकडी समजून त्याखाली थर काढण्याची चूक कागदावर फार सहज होते. जुना टोपोशीट (उंचीच्या रेषांचा सरकारी नकाशा) शेजारी ठेवला की ती लगेच सापडते. तिसरा : काही अॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता उपग्रहाच्या लंबगोलापासूनची (पृथ्वीचा गणिती आकार मानून काढलेली) उंची देतात. गोव्यात या दोहोंत साठ मीटरहून जास्त फरक आहे. किनाऱ्यावर उभे राहून अॅप उणे साठ-सत्तर दाखवत असेल तर कारण हेच. कुठल्या पद्धतीची उंची वापरली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बोअरहोल, जीपीएस, उंची-मॉडेल सगळे त्याच पद्धतीत आणा.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प उघडताना मीटरमध्ये मोजणारी यूटीएम पट्टा ४३ उत्तर ही पद्धत, म्हणजे यादीतला ईपीएसजी क्रमांक ३२६४३ निवडा. अक्षांश-रेखांशात काम केले तर अंतरे मीटरमध्ये मिळत नाहीत आणि पुढचे सगळे हिशेब कोसळतात.

उपग्रहाच्या प्रतिमांवर फार वेळ घालवू नका. लाल भागिले निळा हे गुणोत्तर लोहाचे ऑक्साइड दाखवते खरे, पण गोव्यात उघडी जमीनच कमी. एप्रिल-मेची एक निरभ्र प्रतिमा घेऊन उघडे सडे (जांभ्याची पठारे), चिरेखाणी (जांभ्याचे चिरे कापायच्या खाणी) आणि रस्त्यांचे ताजे काप शोधा, तेवढा उपयोग पुरे.

केव्हा जायचे, कुठून चालायचे

ऑक्टोबरात कमरेएवढे गवत असते, खडक दिसत नाही. डिसेंबर ते मे हा खरा हंगाम. त्यातही नाल्यांची आणि नद्यांची पात्रे एप्रिल-मेमध्ये उघडी पडतात. किनाऱ्यावरच्या खडकांसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी धरा. भरती-ओहोटीत तेव्हा सुमारे दोन मीटरचा फरक असतो आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे होतात. ओहोटीच्या दोन तास आधी पोचायचे आणि पाणी वळल्यावर तासाभरात निघायचे.

पट्ट्या वायव्य-आग्नेय, म्हणून चालायचे ईशान्य-नैर्ऋत्य. समांतर वाटा अडीचशे ते तीनशे मीटर अंतरावर आखा. सड्यावरून चालून काही मिळत नाही, नाले धरा. उघडा खडक मिळण्याच्या जागा क्रमाने अशा : नाल्याचे तळ, समुद्रकाठ, नवीन रस्त्याचे काप, खाणीचे बाक, विहिरी आणि शेवटी चिरेखाणी. विहिरीला बहुतेक जण विसरतात. कठडा बांधलेला नसेल तर वरून टॉर्च मारून जांभा कुठे संपतो ते दिसते. बांधलेला असेल तर मालकाला तीनच गोष्टी विचारा : चिरा किती हातांवर संपला, त्याखाली कसली माती लागली, आणि झर कुठल्या बाजूने आली. ज्याने स्वतः खणली किंवा खणून घेतली त्याची उत्तरे वर्षानुवर्षे पक्की असतात. अशा वीस विहिरी म्हणजे फुकटातली वीस उथळ बोअरहोल.

अभयारण्यांत, म्हणजे मोले, बोंडला, खोतिगाव, नेत्रावळी, म्हादई इथे, वनखात्याची परवानगी आधी घ्या. खाणीत खाणमालकाची आणि खाणखात्याची. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली प्राचीन शिल्पे आहेत. अशा जागी हातोडा पिशवीतून बाहेर काढायचाच नाही.

कंपास : एका वाचनाला किती काळजी लागते

सगळे मॉडेल शेवटी कोनांवर उभे राहते, म्हणून इथे घाई नको. ब्रंटन किंवा क्लार पद्धतीचा कंपास घ्या. नोंद नेहमी एकाच रीतीने : आधी कलाची, म्हणजे थराच्या उताराची, दिशा तीन आकड्यांत, मग कलाचा कोन दोन आकड्यांत. ०४५/६० म्हणजे थर ईशान्येकडे साठ अंशांनी कललेला. एका वहीत दोन रीती आल्या की महिनाभराने कुठला आकडा कशाचा ते कुणालाच सांगता येत नाही.

खडकाच्या एका पृष्ठावर एक वाचन घेऊन पुढे जाऊ नका. पृष्ठ खडबडीत असेल तर त्यावर वहीचा पुठ्ठा सपाट टेकवा आणि पुठ्ठ्यावर मोजा. त्याच उघड्या खडकावर हातभर अंतराने पाच वाचने घ्या. पाचही दहा अंशांच्या आत असतील तर मधले धरा. त्याहून विखुरली तर एक तर लहान घड्या आहेत, नाही तर खडक जागचा हललेला आहे. कुठले ते ठरवल्याशिवाय आकडा नकाशावर चढवू नका. दर वाचनापुढे प्रत लिहा. “अ” म्हणजे ताजा, नक्की जागेवरचा खडक. “ब” म्हणजे कुजलेला, पण रचना शाबूत. “क” म्हणजे शंकास्पद. मॉडेलमध्ये “क” घालायचेच नाहीत, पण पुसायचेही नाहीत.

“क” प्रतीचा सगळ्यात मोठा पुरवठादार म्हणजे उतारावरची सरक. कुजलेल्या फिलाइटच्या पातळ पत्र्या पावसागणिक उताराच्या दिशेने वाकत जातात. मुळात सत्तर अंशांनी डोंगराच्या आत कललेला थर वरच्या दोन-तीन मीटरमध्ये वाकून चक्क उलट दिशेला कललेला दिसतो. रस्त्याच्या कापात खालून वर पाहा : पत्र्या वर जाताना केसांसारख्या एका बाजूला झुकत असतील तर वाचन कापाच्या तळाशीच घ्या.

लोहपाषाणाजवळ कंपास खोटे बोलतो. हेमॅटाइट फारसे त्रास देत नाही, मॅग्नेटाइट सुई ओढते. तपासायची रीत सोपी आहे. तीस मीटरवर दोन काठ्या रोवा. पहिलीवरून दुसरीची दिशा घ्या, दुसरीवरून पहिलीची. दोहोंत १८० अंशांचा फरक हवा. दोन अंशांहून जास्त चूक आली तर त्या जागी कंपासवरची दिशा धरू नका. तिथे पट्टीच्या रेषेवर शंभर मीटर अंतराने दोन जीपीएस बिंदू घ्या आणि त्यांवरून स्ट्राइक, म्हणजे थर आडव्या पातळीत धावतो ती दिशा, काढा. कलाचा कोन चुंबकावर अवलंबून नसतो, तो बिनधास्त घ्या. मोबाइलमधले कंपास-अॅप वापरत असाल तर रोज सकाळी एकाच फळीवर ते खऱ्या कंपासशी ताडून बघा. चुंबकाच्या झाकणाचे कव्हर असेल तर ते काढून ठेवा.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक गोव्यात अगदी थोडा आहे. तरी त्या वर्षीचा आकडा पाहून वहीत नोंदवा.

थर कुठल्या बाजूने वर आहे

घडी घट्ट असली की तिच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच कोनात कललेल्या असतात. अशा ठिकाणी नुसता कल मोजून सगळे थर एकावर एक सरळ रचलेले आहेत असे वाटते, आणि लोहपाषाणाची एकच पट्टी तीन पट्ट्या म्हणून मोजली जाते. गोव्याच्या नकाशात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कल सांगतो थर कसा पडला आहे. त्याचे डोके कुठे, हे सांगायला दुसरा पुरावा लागतो.

दोना पावलाच्या खडकांवर सावर्डे शैलसमूहाचा मेटाग्रेवॅक आहे. असा ग्रेवॅक कुठेही भेटला की एका थराशी गुडघे टेकून बसा, पाणी शिंपडा आणि दहापट भिंगातून थराच्या एका काठापासून दुसऱ्याकडे हळूहळू सरका. एका बाजूला वाळूचे दाणे डोळ्यांना सुटे दिसतील, मग ते बारीक होत जाऊन शेवटी गडद, गुळगुळीत गाळ येईल, आणि त्यानंतर पुन्हा एकदम जाड दाणे. जाड दाण्यांची बाजू म्हणजे थराचा तळ. ज्या दिशेने दाणे बारीक होत जातात ते त्याचे डोके. एका थरावर निकाल लावू नका. लागोपाठच्या किमान पाच थरांत तोच क्रम दिसला पाहिजे, कारण रूपांतरणात चिकणमातीच्या भागातली अभ्रके मोठी होऊन बारीक बाजूच जाड भासू शकते.

दाणे दिसत नसतील तिथे थर आणि क्लीव्हेज (दाबामुळे खडकात पडलेल्या, पत्र्यांसारख्या फुटीच्या पातळ्या) यांची तुलना करा. दोन्ही एकाच दिशेला कललेले असताना क्लीव्हेज थरापेक्षा उभे असेल तर बाजू सरळ. थर क्लीव्हेजपेक्षा उभा असेल तर बाजू उलटलेली. घडी एकदाच पडली असेल तेव्हाच हा नियम चालतो. गोवा गटात एकाहून जास्त वेळा घड्या पडल्या आहेत, म्हणून या पुराव्याला दाण्यांच्या पुराव्यापेक्षा कमी वजन द्या.

जांभ्याचा काप कसा नोंदवावा

चिरेखाणीचा उभा काप ही गोव्याने दिलेली सोय आहे. दुसरीकडे जे पाहायला बोअरहोल मारावे लागते ते इथे समोर उभे असते. कापापासून त्याच्या उंचीएवढे दूर राहून आधी फोटो आणि चित्र काढा, मग सुरक्षित वाटेल तिथेच जवळ जा. वरून लोंबणारे दगड आणि पावसानंतरच्या भेगा बघितल्याशिवाय तळाशी उभे राहू नये.

वरून टेप सोडा, १:५० प्रमाणात स्तंभ काढा. सहसा वर थोडी माती किंवा खडे, मग कठीण कवच, मग नळ्यांसारख्या पोकळ्यांचा आणि ठिपक्यांचा जांभा, त्याखाली मऊ लिथोमार्ज (कुजून माती झालेला, पण जुनी रचना टिकलेला खडक), मग अर्धवट कुजलेला मूळ खडक. प्रत्येक पट्ट्यात पाच गोष्टी लिहा : रंग, हातोड्याचा आवाज आणि ठसा, पोकळ्यांचा आकार, मूळ खडकाची रचना शिल्लक आहे का, आणि खालच्या पट्ट्याशी सीमा एकदम आहे की हळूहळू. शेवटच्या दोन नोंदी सर्वांत मोलाच्या.

मूळ खडक कोणता होता ते लिथोमार्ज सांगतो. चिमूटभर ओला करून बोटांत चोळा. साबणासारखा गुळगुळीत, गुलाबी-जांभळा असेल तर बहुधा फिलाइट. बारीक कणी लागत असेल तर ग्रेवॅक. पांढऱ्या मातीत मोठे क्वार्ट्झचे दाणे टोचत असतील तर ग्रॅनाइट किंवा नाइस. पिवळा-तपकिरी आणि क्वार्ट्झचा कणही नसेल तर बेसॉल्ट. निळसर काळी पूड हाताला माखत असेल तर लोहपाषाणाची ब्लू डस्ट. लिथोमार्जमध्ये जुने फॉलिएशन (मूळ खडकातली पत्र्यांसारखी रचना) शाबूत असते, त्यामुळे तिथे घेतलेला कल “ब” प्रतीत चालतो. वरच्या कठीण जांभ्यात मात्र माल विरघळून रचना खचलेली असते. तिथे दिसणाऱ्या रेघांवर कंपास लावू नका.

जांभा जागच्या जागी बनला की दुसरीकडून वाहून आला, हे ठरवल्याशिवाय खालच्या खडकाबद्दल काही बोलता येत नाही. कापात क्वार्ट्झची शीर शोधा. बोटभर जाडीची पांढरी शीर लिथोमार्जमधून वर चढत जांभ्यात शिरते, तिथे तिचे तुकडे होतात, तरी तुकडे एकाच रेषेत राहतात. असे दिसले तर तो जांभा तिथल्याच खडकाचा, वाद संपला. उलट गोलसर खडे, निरनिराळ्या प्रकारचे तुकडे आणि खाली चाकूने कापल्यासारखी सीमा असेल तर तो वाहून आलेला. उताराच्या पायथ्याशी असा जांभा नेहमी भेटतो आणि तो खालच्या खडकाबद्दल एक अक्षरही सांगत नाही. लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅननने १८०७मध्ये दिले तेव्हापासून तो कसा बनतो यावर लिहिले जात आहे; तुमच्या कापापुरते उत्तर त्या शिरेत असते.

बनण्याची प्रक्रिया आकड्यांत हवी असेल तर नमुने घ्या. कापाचा बाहेरचा दहा-पंधरा सेंटीमीटर भाग खरवडून टाका आणि तळापासून वर जात प्रत्येक पट्ट्यातून दीड-दोन किलो माल घ्या. वरून खाली आलात तर वरची माती खालच्या नमुन्यात पडते. दुहेरी पिशवी, आत एक चिठ्ठी, बाहेर एक; ओल्या मातीत शाई पुसते म्हणून पेन्सिल. रासायनिक विश्लेषणात टायटेनियम किंवा झर्कोनियम न हलणारे धरून बाकीचे किती वाहून गेले ते काढतात. मूळ खडकात सिलिका ६० टक्के आणि टायटेनियम ऑक्साइड ०.७ असेल, जांभ्यात सिलिका २० आणि टायटेनियम ऑक्साइड १.४ असेल, तर (२०÷६०)×(०.७÷१.४)−१ = −०.८३. म्हणजे ८३ टक्के सिलिका गेली. नुसते ६०चे २० पाहिले असते तर दोन-तृतीयांश गेली असे वाटले असते. टायटेनियम आणि झर्कोनियम वेगवेगळी उत्तरे देत असतील तर माल मिसळलेला आहे किंवा निवडलेला मूळ खडक चुकीचा आहे.

बोअरहोल आणि तीन बिंदूंचा हिशेब

समजा, उभी बोअरहोल तीन आहेत. अ या ठिकाणी तोंडाची उंची ६१ मीटर, लोहपाषाणाचा तळ २३ मीटर खोलीवर. म्हणजे पातळी ३८. ब हे अ च्या पूर्वेला २४० मीटर; तोंड ४७, तळ ८१ खोलीवर, पातळी −३४. क हे अ पासून ८० मीटर पश्चिमेला आणि २०० मीटर उत्तरेला. तोंड ५५, खोली ५३, पातळी २.

अ ते ब पातळी ७२ मीटरने उतरते. क ची पातळी २. अ पासून ती ३६ने खाली, म्हणजे बरोबर अर्ध्या वाटेवर. अ-ब रेषेवर १२० मीटरवर द हा बिंदू घ्या. द आणि क एकाच पातळीत, म्हणून द-क ही स्ट्राइकची रेषा. कागदावर ती वायव्य-आग्नेय येते. अ पासून या रेषेवर लंब टाका : अंतर सुमारे ८५ मीटर. ३६÷८५ = ०.४२, टॅन कोष्टकात २३ अंश. थर ०४५/२३, ईशान्येकडे.

गणित इतकेच, पण दोन अटी आहेत. तिन्ही बोअरहोल घडीच्या एकाच बाजूला असली पाहिजेत. आणि जो तळ धरला तो खरोखर थराचा तळ हवा. ड्रिलरच्या वहीत “कठीण संपले, मऊ लागले” अशी नोंद असते, ती पुष्कळदा जांभा संपून लिथोमार्ज लागल्याची असते. त्या पृष्ठावर तीन बिंदूंचा हिशेब केला तर जुन्या जमिनीचा उतार मिळतो, थराचा कल नव्हे. कोअरची, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या गाभ्याची, पेटी स्वतः उघडून पाहा. गाभा किती टक्के हाती आला तेही लिहा. ब्लू डस्ट पाण्याबरोबर वाहून जाते आणि नेमका खनिजाचाच भाग पेटीत रिकामा दिसतो.

विद्युत रोध सर्वेक्षण

बोअरहोल नसतील तिथे श्लुंबर्जर मांडणीने उभे सर्वेक्षण करा : एका रेषेत चार खुंट्या, बाहेरच्या दोन (ए, बी) प्रवाह सोडतात, आतल्या दोन (एम, एन) व्होल्टेज मोजतात. अर्धे एबी अंतर दीड मीटरपासून शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत वाढवत न्या. एमएन अंतर पूर्ण एबीच्या पाचव्या हिश्श्याहून मोठे नको. तारा स्ट्राइकला समांतर, म्हणजे वायव्य-आग्नेय ओढा. आडव्या ओढल्या तर प्रत्येक उभा थर ओलांडताना वक्राला खोटा कोपरा येतो. अर्धे एबी २० आणि एमएन २ असताना गुणक ३.१४×(४००−१)÷२, म्हणजे ६२६. प्रवाह ५० मिलिअँपिअर आणि व्होल्टेज ४० मिलिव्होल्ट आले तर ०.८ ओहम, गुणिले ६२६, म्हणजे सुमारे ५०० ओहम-मीटर.

कोरड्या सड्यावर खुंटीतून प्रवाहच जात नाही. खुंटीभोवती मिठाचे पाणी आणि चिकणमाती घाला, दहा मिनिटे थांबा, मग वाचा. वक्राचा अर्थ लावताना सहसा वर कोरड्या जांभ्याचा मोठा रोध, मधे लिथोमार्जचा कमी, खाली ताज्या खडकाचा पुन्हा मोठा असे तीन थर येतात. मधल्या थरात अडचण अशी की त्याची जाडी भागिले रोध एवढेच कळते. ५० ओहम-मीटरचा १० मीटर थर आणि १००चा २० मीटर थर एकच वक्र देतात. जवळच्या एका विहिरीतली खरी जाडी घालून वक्र बांधल्याशिवाय बाकीच्यांवर विसंबू नका. खाजन जमिनीजवळ (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतजमिनीजवळ) तर खारे पाणी आणि चिकणमाती दोन्ही रोध एकसारखा पाडतात. तिथे विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता शेजारी मोजलीच पाहिजे.

छेद काढताना

मॉडेलच्या आधी कागदावर दोन छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर दिसेल तसे चित्र, हाताने काढा. संगणकाला कुठे काय सांगावे लागेल ते यातून कळते. उभे आणि आडवे प्रमाण एकच ठेवा; उभे दुप्पट केले की ३० अंशांचा थर ४९ अंशांचा दिसतो. छेद स्ट्राइकला लंब नसेल तर खरा कल न काढता भासमान कल काढा : ५० अंशांचा थर, छेद आणि स्ट्राइकमधला कोन ३०, तर टॅन ५० गुणिले साइन ३०, येतो ३१ अंश. जाडी काढताना जमिनीवरची रुंदी म्हणजे जाडी नव्हे. सपाट जमिनीवर स्ट्राइकला लंब ८५ मीटर रुंद आणि ६० अंश कलाचा थर ७४ मीटर जाड असतो.

थरांचे ध्रुव, म्हणजे थराला लंब असलेल्या दिशा, सम-क्षेत्र जाळीवर (दिशा मांडायच्या गोल आलेखावर) टाका. ते एका मोठ्या वर्तुळावर पसरले तर त्या वर्तुळाचा ध्रुव म्हणजे घडीचा आस. पसरण्याऐवजी एकाच पुंजक्यात साचले तर एक तर घडी नाही, नाही तर ती अगदी घट्ट आहे. आणि इथेच दाण्यांवरून ठरवलेले डोके-तळ कामी येतात. छेदात पाहिलेले अखंड रेघेने, ताडलेले तुटक रेघेने, निव्वळ अंदाज प्रश्नचिन्हासह.

त्रिमितीय मॉडेल

जेमपाय हे पायथॉनवरचे मोफत साधन या आकाराच्या कामाला पुरते. आवृत्ती बदलली की जुने कोड चालत नाही, म्हणून वापरलेली आवृत्ती नोंदवा. त्याला तीन गोष्टी हव्या : पृष्ठांचे बिंदू, कल आणि क्रम. प्रत्येक पृष्ठाला किमान दोन बिंदू आणि प्रत्येक मालिकेला (एकत्र हाताळायच्या थरांच्या गटाला) किमान एक कल नसेल तर ते चालतच नाही. कलाबरोबर ध्रुवता विचारली जाते, सरळ थराला १ आणि उलटलेल्याला −१. वहीत डोके-तळ नोंदले नसेल तर इथे सगळीकडे १ भरले जाते आणि उलटलेली घडी सपाट पसरते.

जांभा गोवा गटाच्या मालिकेत घालू नका. तो थर नाही, वरून खाली गेलेली कुजण्याची सीमा आहे; ती सगळ्या थरांना आडवी कापते. तिला वेगळी, सर्वांत तरुण, खालच्यांना खोडणारी मालिका करा. दख्खन बेसॉल्ट क्षेत्रात असेल तर त्यालाही स्वतंत्र मालिका. पहिल्यांदा ५०×५०×५० घरांची जाळी लावा; तिच्यात जे चुकले ते बारीक जाळीने सुधारत नाही, फक्त वेळ जातो.

मॉडेल कागदावरच्या छेदाशी जुळत नसेल तर आधी एकच गोष्ट तपासा : दूरच्या कोपऱ्यातला एखादा एकटा कल. माहिती विरळ असते तिथे एक वाचन अर्ध्या किलोमीटरवर सत्ता गाजवते. ते काढून पुन्हा चालवा आणि काय बदलले ते पाहा.

मग अनिश्चितता. “अ” प्रतीच्या कलांना ±५ अंश, “ब”ना ±१५, बिंदूंना ±१० मीटर यादृच्छिक हलवून दोनशे मॉडेले तयार करा. प्रत्येक घरात कुठला खडक किती वेळा आला ते मोजा. दोनशेपैकी एकशेनव्वद वेळा फिलाइट आला ते घर पक्के. शंभर वेळा फिलाइट आणि शंभर वेळा ग्रेवॅक आला तिथे मॉडेलला काहीच माहीत नाही. हा नकाशा रंगवून मुख्य मॉडेलच्या शेजारी, त्याच पानावर द्या. पुढची विहीर किंवा बोअरहोल कुठे घ्यायची ते याच रंगांवरून ठरवा.

सुरुवातीलाच बोअरहोल आणि विहिरींपैकी पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवलेला असावा, मॉडेलला न दाखवलेला. आता तो उघडा. प्रत्येक ठिकाणी मॉडेलने सांगितलेली खोली आणि प्रत्यक्ष खोली यांतला फरक कोष्टकात लिहा. सगळ्या चुका एकाच बाजूच्या असतील तर उंचीची पद्धत कुठेतरी बदलली आहे. साठ-सत्तर मीटरचा फरक आला तर तो कुठून आला ते वर सांगितलेच आहे. चुका फक्त घडीच्या एका बाजूला मोठ्या असतील तर त्या बाजूचे डोके-तळ पुन्हा जाऊन तपासा. त्यासाठी मे संपायच्या आत त्याच नाल्यात उतरावे लागेल. पाऊस लागला की ते खडक थेट डिसेंबरपर्यंत दिसत नाहीत.